पंचवीस सी.सी.

कपाटात ब्युरेट तीन होत्या. एकीची तोटी गळत होती, म्हणून कामाच्या दोनच. पिपेट दोन, दोन्ही पंचवीस सी.सी.च्या, पण त्यांतली एक पुठ्ठ्याच्या खोक्यात गवतात गुंडाळून ठेवलेली असे, कारण फुटली तर दुसरी यायला वर्ष जाई. चंबू पाच. परीक्षानळ्या एकतीस. स्पिरिटचे दिवे चार, वाती दोनच. तराजू एक, पण वजनपेटीतली अर्ध्या ग्रॅमची खाच रिकामी. दाराजवळ लोखंडी बादली एक. अकरावीच्या विज्ञान वर्गात मुलं सतरा आणि मुली दोन, आणि आठवड्याला प्रॅक्टिकलचा तास एक, चाळीस मिनिटांचा.

पिपेट म्हणजे मधे फुगा असलेली काचेची नळी. खालचं टोक द्रावणात बुडवायचं, वरच्या टोकाला तोंड लावून ओढायचं, द्रावण खुणेच्या वर चढलं की तोंड काढून तिथं बोट ठेवायचं आणि बोट हळूच ढिलं करत खुणेवर आणायचं. एकाच्या ओठांतून निघालेली नळी दुसऱ्याच्या ओठांत जाते. जुलैत पहिल्या तासाला हे सगळ्यांच्या लक्षात आलं. प्रेमलालनं शीलाच्या हातून पिपेट घेतली, सदऱ्याच्या टोकाला पुसली आणि ओढली. महागूनं प्रेमलालच्या हातून घेतली, पुसलीही नाही. मग पुनाराम पुढं झाला, तेव्हा महागूनं नळी त्याच्या हाती न देता टेबलावर ठेवली आणि मोतीलाल मास्साबकडं पाहिलं.

मास्साबनी नाक पुसलं आणि म्हणाले, "पुनाराम, तू शेवटी घेत जा. कायले झगडा?"

तेव्हापासून तो शेवटी. शेवटपर्यंत सोड्याचं द्रावण बहुतेक संपलेलं असे, नाही तर घंटा वाजे. उरलंच तर एकदा ओढायला मिळे, पण त्यात सोडायचं ब्युरेटमधलं ॲसिड तोवर संपलेलं. शाळेचा चपराशी नथ्थू बादली घेऊन बाजूला उभा राही.

"धू. तीन वेळा."

"अजून हातात घेतली नाही मी, नथ्थूभाऊ."

"हाती घ्याच्या आधी तीन वेळा, ठेवाच्या आधी तीन वेळा. आधीचं धुणं तुह्या फायद्याचं हाय, लेका. त्यायचं उष्टं तुह्या तोंडात काहून जाव?"

नथ्थू हे हसत म्हणे. पुनारामही पहिल्या दोन-तीनदा हसला. पुढं त्याचे हात न सांगता बादलीकडं जाऊ लागले.

माघात वर्गाबाहेर कडुनिंबाखाली मुलं पाळी येण्याची वाट पाहत बसली होती. परीक्षा महिन्यावर होती.

"प्रॅक्टिकल म्हणजे का हाय?" प्रेमलाल म्हणाला. त्याच्या घरी धानाची गिरणी होती आणि त्याचा आवाज गिरणीत बोलायच्या सवयीनं मोठा होता. "मास्साबच्या हातचे नंबर. नळी धरा, काच धरा, शेवटी मास्साब सांगन तो आकडा लिवा."

"मले त आवडते," शीला म्हणाली. "पिवळ्याचं लाल होते ना, कुंकवाचा कण पडल्यावानी दिसते."

"हे पाह्य. इले लुगडं रंगवाचं हाय."

महागू गवताची काडी चावत होता. "मायी माय सोड्यानं कपडे धुते त तिचे हात फाटते. तोच सोडा इथं मोजाचा. पुस्तकात उत्तर लिवलं हाय, मंग मोजाचं कायले, मले हेच नाही समजत."

"पुना, तुले का वाटते?"

पुनाराम थोडा लांब, मुळीवर बसला होता. "मले बोटाचं समजाचं हाय अजून," तो म्हणाला.

"कायचं?"

"बोट. किती ढिलं सोडाव लागते ते."

सगळे हसले. महागू त्याच्या पाठीवर थाप मारायला वळला आणि मधेच हात खाली घेऊन त्यानं काडी फेकली. "याले बोट शिकाचं हाय," प्रेमलाल म्हणाला. "अरे, माहे आकडे घे. चोवीस पॉइंट दोन, चोवीस पॉइंट दोन, चोवीस पॉइंट तीन. तीनही सारखे नको लिवू, मास्साबले वाटन नक्कल केली."

पुनारामनं ते आकडे लिहून घेतले. वर्षभराचे सगळे आकडे त्यानं असेच लिहिले होते. मास्साबची लाल सही सगळ्यांखाली होती.

दोन वर्षं धान झालं नव्हतं. पहिल्या वर्षी लोंब्या भरल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी रोवणीच झाली नाही. लांजीच्या रस्त्यावर दुष्काळासाठी सरकारी राहत काम निघालं होतं, आणि पुनारामचं सगळं घर तिथं गिट्टी फोडत होतं. त्याचा बाप दुलीचंद, आई शेवंताबाई, थोरली बहीण आनंदी. पौषात एक कपची उडून दुलीचंदच्या डाव्या डोळ्यात गेली. डोळा गेला नाही, पण त्यातून सारखं पाणी येई आणि त्याला गोट्याची कड दोनदा दिसे. त्यानं घन मारला की तो कधी गोट्याच्या बाजूला पडे. म्हणून आता तो मोठे दगड ओढून आणी आणि फोडायचं काम बायकांकडं होतं. सायकलच्या ट्यूबच्या वेटोळ्यात गोटा धरायचा आणि हातोडीनं मारायचं. रविवारी पुनाराम घन घेई.

एका रविवारी संध्याकाळी चैतराम मिस्त्री मोजायला आला. मोजायची पेटी लाकडी, बिनबुडाची. गिट्टी काठोकाठ भरली की एक पेटी. शेवंताबाईनं भरून तिच्यावरून हात फिरवला. चैतरामनं पेटीच्या चारी बाजूंना लाथ मारली. गिट्टी चार बोटं खाली बसली.

"भर अजून, मावशी."

"भरली होती ना, चैतराम. तू पाह्यली भरलेली."

"पाह्यली. आता बसली. गोटा बसते, त्याले मी का करू?"

"लात मारली का बसनारच," पुनाराम म्हणाला. "मधात पोकळी राह्यते. सगळ्यायच्या पेट्या सारख्याच मोजा, लात न मारता."

चैतराम त्याच्याकडं वळला. तो रागावला नव्हता. "अकरावीत हाय ना तू? सायन्सवाला?" त्यानं पेटीला पुन्हा एक लाथ मारली. "हे आमचं प्रॅक्टिकल."

आजूबाजूच्या ढिगांवरचे लोक हसले. आनंदी हसली नाही; तिनं टोपलं उचललं. "सायन्सवाल्या," ती म्हणाली, "घन उचल. अंधार पडून राह्यला."

घरी परतताना दुलीचंद मागं राहिला, एक डोळा मिटून चालत. पुनाराम त्याच्यासाठी थांबला.

"होळी झाली का काम लांजीच्या पुढं जाते," दुलीचंद म्हणाला. "झोपडी तिथंच टाकाव लागन. घराले कुलूप."

"हौ."

"तुह्या मामानं सांगतलं ते पक्कं हाय ना?"

मामा बालाघाटला राहत होता. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला होता की मलेरियाच्या कामासाठी रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी पोरं घेऊन राह्यले. शिकवतात तेच, पण हायर सेकंडरी सायन्स, म्हणजे हीच अकरावी, एका दमात पास पाहिजे, प्रॅक्टिकलसकट. भरती जूनमधे एकदाच.

"पक्कं हाय," पुनाराम म्हणाला. "पास झालो त."

दुलीचंदनं डोळ्याचं पाणी मनगटानं पुसलं. "मी अजून एक घन घेऊन ठेवला हाय," तो म्हणाला. "घरी हाय, कोठीमागं. तुले सांगून ठेवतो, तू मंग पाह्यशील अन् काही वाटन. नाही लागला त वापस करता येते."

पुढं बायका पोचल्या होत्या आणि चुलीचा धूर दिसत होता.

घरामागं पपईचं झाड होतं, दुष्काळात फळ न धरलेलं. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. पुनारामनं एक लांब देठ तोडला, चीक निथळू दिला, दोन्ही टोकं विळ्यानं साफ कापली आणि कोळशानं त्यावर खूण केली. लोट्यात पाणी घेतलं. ओढलं, बोट ठेवलं, उचललं, आणि पाणी भस्सकन खाली आलं.

"पुन्या, लोटा हाय ना हातात," आनंदी म्हणाली. "तोंडानंच पे."

"पेत नाही मी. मोजून राह्यलो."

"ओठाले चीक लागन, बाबू," शेवंताबाई चुलीपासून म्हणाली.

चीक लागलाच. दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ सुजले आणि खालच्या ओठावर फोड आला. तरी तो रोज संध्याकाळी कामावरून सगळे परत आले की लोटा घेऊन बसू लागला. दर संध्याकाळी देठ बदलावा लागे, कारण आदल्या दिवशीचा सुरकुतून जाई. हळूहळू बोट शिकलं. आधी पाणी खुणेच्या खाली जाऊन थांबे, मग खुणेशी थांबू लागलं. मग त्याला कळलं की बोट उचलायचं नसतं, फक्त थोडं फिरवायचं असतं, आणि थेंब एकेक करून सुटतात.

"आन इकडं," एकदा आनंदी म्हणाली. तिनं ओढलं, बोट ठेवलं. पाणी गळून गेलं. तिनं पुन्हा केलं. तिच्या बोटाला वेटोळं धरून धरून घट्टा पडला होता. देठाचं तोंड त्यानं बंदच होत नव्हतं. तिनं बोट दिव्याजवळ धरून पाहिलं.

"माह्या बोटातून हवा जाते," ती म्हणाली आणि देठ परत दिला. आनंदीनं पाचवीत शाळा सोडली होती, पुनाराम पहिलीत गेला त्या वर्षी.

फाल्गुन लागला आणि शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा पाहायला आले. प्रयोगशाळा झाडून घेतली होती. खोक्यातली पिपेटही टेबलावर आली होती. साहेब जाड चष्म्याचे, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी मुलांना उभं केलं आणि ते प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत गेले.

"प्रॅक्टिकल कैसा लगता है?"

"बहुत अच्छा, साहब," प्रेमलाल म्हणाला. "करके देखने से समझ में आता है."

"अच्छा लगता है, सर. रंग बदलता है," शीला म्हणाली.

महागू म्हणाला, "अच्छा," आणि थांबला.

साहेब पुनारामसमोर आले. त्याच्या ओठावरचा फोड त्यांना दिसला असावा, कारण ते क्षणभर थांबले. "और तुम्हें?"

"अच्छा लगता है, साहब."

"अपने हाथ से करते हो? सबके बदले एक ही करता है, ऐसा तो नहीं?"

मास्साब खिडकीबाहेर पाहत होते. नथ्थू दारात बादलीजवळ उभा होता. साहेबांच्या मागं सगळा वर्ग पुनारामकडं पाहत होता. महागूही. पुनारामच्या मनात आलं की आता सांगितलं तर साहेब मास्साबला विचारतील, मास्साब नथ्थूला, आणि साहेब चारच्या बसनं बालाघाटला जातील. परीक्षा दहा दिवसांवर होती आणि बस गेल्यावर मास्साब इथंच असणार होते.

"अपने हाथ से, साहब."

"कितनी बार?"

"हर बार."

साहेबांनी मान हलवली. "बहुत अच्छे."

चारची बस गेल्यावर मास्साबनी त्याला बोलावून घेतलं. ते खुर्चीवर बसून चष्मा पुसत होते. "तू आज लाज राखली, पुनाराम," ते म्हणाले. "मीही ध्यानात ठेवीन. परीक्षेत तुले वेगळी पिपेट देतो. ती खोक्यातली. तुह्यी एकट्याची. मंग कोनाले काही बोलाले जागा नाही."

"मास्साब, एक वेळा पूर्ण करून पाहू का? आज? ॲसिडसकट."

मास्साबनी कपाटाकडं पाहिलं. "सोडा परीक्षेपुरता हाय. बाटलीभर. वारासिवनीहून अजून मागवला, तो आला नाही." त्यांनी चष्मा घातला. "तू हुशार हायस. गाइड पाह्य. फक्त एक ध्यानात ठेव. परीक्षक सकाळी स्वतः टायट्रेशन करून, किती ॲसिड लागलं, तो आपला आकडा काढते. त्याच्यात अन् तुह्या आकड्यात पॉइंट पाचच्या वर फरक गेला त त्या प्रयोगाचे शून्य. टायट्रेशन गेलं का प्रॅक्टिकल गेलं."

"अन् प्रॅक्टिकल गेलं का सारंच गेलं," पुनाराम म्हणाला.

"हौ."

गाइड वर्गात एकच होतं. पुनारामनं ते महागूकडून एका दुपारपुरतं मागून घेतलं. त्यात लिहिलं होतं, पिपेट को स्वच्छ कर उसमें विलयन भरें. स्वच्छ करायची आणि द्रावण भरायचं, एवढंच. ते वाक्य त्यानं दोनदा वाचलं आणि पान उलटलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक सकाळीच बालाघाटहून आले. म्हातारे होते; फाल्गुनातही गळ्याला मफलर. त्यांनी दार लावून स्वतः टायट्रेशन केलं, आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला आणि मग दार उघडलं. एका वेळी दोघे. पुनारामबरोबर शीला होती. शीलाच्या टेबलावर जुनी पिपेट, पुनारामच्या टेबलावर खोक्यातली. प्रत्येकाला सोड्याचं द्रावण मोजून दिलेलं, बाटलीत बेताचंच.

शीलानं पिपेट पाण्यानं धुतली. मग बाटलीतलं थोडं द्रावण तिच्यात ओढलं, पिपेट आडवी करून ते फुग्यात फिरवलं आणि बादलीत सोडून दिलं. आत राहिलेल्या पाण्यानं सोडा पातळ होऊ नये म्हणून पुढच्या बाकावरच्यांना हे मास्साबनी जुलैतच करून दाखवलं होतं. पुनारामनं पाहिलं. आधीच कमी असलेलं द्रावण तिनं फेकलं, घाबरली असेल, असं त्याला वाटलं.

त्यानं आपली पिपेट बादलीजवळ नेली. एकदा धुतली. दुसऱ्यांदा धुतली.

"बस की," नथ्थू हळू आवाजात म्हणाला. "आज कोन म्हणलं तुले? नवी हाय ती. कोनाचंच तोंड नाही लागलं."

पुनारामनं तिसऱ्यांदा धुतली. दोनदा झटकली. फुग्याच्या आत काचेला पाण्याचे थेंब लागलेले होते आणि खालच्या टोकाच्या नळीत थोडं पाणी अडून राहिलं होतं. नळी उजेडाकडं धरली तर ती लखलखीत स्वच्छ दिसत होती. मग त्यानं टोक द्रावणात बुडवलं, ओठ लावले आणि ओढलं.

सोड्याची तुरट चव जिभेला लागणार नाही इतक्या बेतानं त्यानं थांबवलं. बोट ठेवलं. बोट फिरवलं. द्रावण खुणेशी उतरलं आणि थांबलं, तसंच जसं पपईच्या देठात थांबे. परीक्षक मागं उभे होते हे त्याला नंतर कळलं.

"हाथ अच्छा है," ते म्हणाले.

त्यानं चंबूत सोडलं, पिवळा रंग टाकला, ब्युरेटची तोटी उघडली. ॲसिड आधी सरळ, मग थेंबाथेंबानं. चंबू फिरवत राहिला. पिवळं पिवळंच राहिलं, राहिलं, आणि एका थेंबाला लालसर झालं आणि तसंच थांबलं. त्यानं कधी हे आपल्या हातानं पाहिलं नव्हतं. तो तोटी बंद करून काही वेळ चंबूकडं पाहत राहिला. मग डोळा ब्युरेटच्या पातळीला आणून आकडा वाचला आणि लिहिला.

दुसऱ्या वाचनाआधी तो पुन्हा बादलीकडं गेला. तीन वेळा. दोनदा झटकली. तिसऱ्या वाचनाआधीही.

तीनही वाचनं एकच आली. प्रेमलालचं आठवून एखादं पॉइंट एकनं बदलावं असं त्याच्या मनात आलं, पण त्यानं बदललं नाही. हे आकडे त्यानं स्वतः मोजले होते. शीलाची दोन सारखी आणि एक वेगळी आली होती. ती खोडून पुन्हा लिहीत होती.

परीक्षकांनी त्याचा कागद उचलला. "तीनों एक? मिलाए तो नहीं?"

"नहीं, सर. अपने हाथ से."

परीक्षकांनी ब्युरेटमधली शेवटची पातळी स्वतः वाचली. ती कागदावरच्या आकड्याशी जुळत होती. त्यांनी मान हलवली, मफलर सैल केला आणि खिशातली चिठ्ठी काढून कागदाशेजारी ठेवली.

चिठ्ठीवर बावीस पॉइंट सात होतं. पुनारामच्या कागदावर बावीस पॉइंट एक, बावीस पॉइंट एक, बावीस पॉइंट एक.